फर्मवेअरची टेबलं आधी वाचायची तर

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावच्या अभ्यासिकेत उन्हाळ्यात कुलर चालू असतो, म्हणून दुपारभर पोरं तिथंच बसतात. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक पोरगा सहा महिन्यांपासून स्वतःचा छोटा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहितोय आणि क्यूईएमयू या खोट्या मशीनीत चालवून बघतोय. तो एके दिवशी लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ आला.

"दादा, क्यूईएमयूत चारही कोर दिसून राह्यले, अन् लॅपटॉपवर टाकलं का मशीन रीस्टार्टच होते. म्या त फक्त एक ओळ वर नेली."

"कोणती ओळ?"

"टेबलं वाचायची. मेमरी तयार व्हायच्या आधी पाह्यजे होती मले. कोर किती हायेत तेच नाही समजलं त स्टॅक किती ठेवू?"

त्याची गरज अगदी बरोबर होती. चुकलं ते "एक ओळ वर नेली" एवढंच. बूटच्या क्रमात एखादं काम आधी करायचं असेल तर ती ओळ उचलून वर ठेवून चालत नाही. त्या कामाचे तुकडे पाडावे लागतात, आणि ज्या तुकड्याला अजून कशाचाच आधार लागत नाही तेवढाच वर न्यावा लागतो. वखरणी न करता पेरणी आधी उरकता येत नाही, हे आपल्याकडच्या पोराला सांगावं लागत नाही. पण वखरणी चालू असताना बियाणं आणून, निवडून, घरात ठेवता येतं.

सी भाषा बऱ्यापैकी येते, मेमरीचा पत्ता आणि पॉइंटर म्हणजे काय ते कळतं, पण कर्नलमध्ये कधी हात घातलेला नाही, अशांसाठी हे लिहितोय. कमांड आणि फंक्शनांची नावं इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच करायची.

ही टेबलं कशाची

मशीन चालू झालं की सगळ्यात आधी फर्मवेअर जागं होतं, म्हणजे जुन्या मशीनीत बायॉस आणि नव्यात यूईएफआय. कोर किती, इंटरप्ट (प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारे इशारे) सांभाळणारा कंट्रोलर कोणत्या पत्त्यावर, कोणती मेमरी कोणत्या प्रोसेसरच्या जवळची, मशीन बंद कसं करायचं, ही सगळी माहिती ते मेमरीत टेबलांच्या रूपात लिहून ठेवतं. त्या टेबलांचा नियम म्हणजे एसीपीआय. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी तो डिसेंबर १९९६ मध्ये काढला. २०१३ पासून तो यूईएफआय फोरमकडे आहे. त्याचं पूर्ण दस्तऐवज फुकट डाउनलोड होतं. हजारभर पानं बघून घाबरू नका. नवशिक्यानं पाचवं प्रकरण वाचलं तरी पुष्कळ झालं.

मी पोरांना हे सातबाऱ्यावरून समजावतो. वावर कोणाचं, किती, धुरा कुठं, हे मातीकडे पाहून कळत नाही. तलाठ्याच्या दप्तरात पाहावं लागतं. कर्नलही तसाच आहे. समोर मेमरी पसरलेली असते, पण त्यात कोणतं वावर आपलं आणि कोणतं दुसऱ्याचं, हे दप्तर उघडल्याशिवाय समजत नाही. आणि गंमत नव्हे, खरी अडचण ही की ते दप्तरही त्याच वावरात कुठंतरी पुरून ठेवलेलं असतं. पाचव्या पायरीवर हे परत येईल.

पायरी १: हाताशी काय पाहिजे

चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप चालतो. त्यावर लिनक्स, जीसीसी, मेक, गिट आणि क्यूईएमयू टाका. क्यूईएमयू म्हणजे मशीनीच्या आत खोटी मशीन. कर्नल कितीही वेळा कोसळला तरी तुमच्या लॅपटॉपला काही होत नाही.

लिनक्सचा सोर्स घेताना गिटला "डेप्थ १" हा पर्याय द्या, म्हणजे आजवरचा सगळा इतिहास न येता फक्त आजची प्रत येते. आपल्याकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तेवढंच झेपतं, तेही रात्री. कॉन्फिगरेशनसाठी "मेक डेफकॉन्फिग" पासून सुरुवात करा आणि ध्वनी, वायफाय, ग्राफिक्सचे ड्रायव्हर काढून टाका. आपल्याला बूटचा पहिला सेकंदच बघायचा आहे.

कंपाइल चालू असताना लाइन गेली आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असली तर काय? मेक परत चालवलं की काम जिथं थांबलं तिथून पुढं जातं. फक्त एक गोष्ट बघा. वीज जायच्या क्षणी लिहिली जात असलेली ऑब्जेक्ट फाइल शून्य बाइटांची राहू शकते. मेकला वाटतं ती झाली आहे, आणि मग शेवटी लिंकर न समजणारी चूक दाखवतो. शून्य आकाराच्या ऑब्जेक्ट फाइली शोधून काढून टाका आणि परत मेक करा. मी यात एकदा अख्खी रात्र घालवली आहे.

पायरी २: आत्ता काय कधी होतं ते डोळ्यांनी बघा

काहीही हलवायच्या आधी आहे तो क्रम बघा. क्यूईएमयूला मशीन म्हणून "क्यू३५", मेमरी २५६ एमबी, एसएमपी (कोरची संख्या) १ द्या, सीरियल आउटपुट टर्मिनलवर घ्या आणि तुमचा लिनक्स कर्नल बूट करा. कर्नलच्या कमांड लाइनवर "अर्लीप्रिंटके" सीरियलला जोडलेलं असू द्या, नाहीतर अगदी सुरुवातीच्या ओळी दिसणारच नाहीत.

आता "एसीपीआय" पासून सुरू होणाऱ्या ओळी शोधा. सुरुवातीलाच आरएसडीपीची, म्हणजे बाकी टेबलांकडे नेणाऱ्या पहिल्या खुणेची, ओळ असेल. तिच्यात पत्ता, मग हेक्समध्ये लांबी १४ म्हणजे २० बाइट, आणि "बॉक्स" असं निर्मात्याचं नाव दिसेल. हे नाव क्यूईएमयूच्या टेबलांत असतंच. खाली एफएसीपी, डीएसडीटी, एपीआयसी, एचपीईटी, एमसीएफजी अशी टेबलं एकेका ओळीत येतात.

एपीआयसीच्या ओळीवर थांबा. दस्तऐवजात हिला एमएडीटी म्हणतात, पण टेबलाच्या डोक्यावर सही "एपीआयसी" अशी असते. हा गोंधळ सगळ्यांचाच होतो. एका कोरला हिची लांबी हेक्समध्ये ७८ दिसते, म्हणजे १२० बाइट. हिशोब हातानं करून बघा. डोक्याचे ३६, त्यापुढं पत्ता आणि फ्लॅगचे ८, झाले ४४. एका कोरच्या नोंदीचे ८. आयओ एपीआयसी, म्हणजे बाहेरच्या उपकरणांचे इंटरप्ट घेणारा कंट्रोलर, त्याच्या नोंदीचे १२. इंटरप्ट बदलाच्या पाच नोंदी, प्रत्येकी १०, म्हणजे ५०. शेवटी एनएमआयची, म्हणजे अडवता न येणाऱ्या इंटरप्टची, एक नोंद ६ बाइटांची. बेरीज १२०. आता एसएमपी ४ देऊन परत बूट करा. तीन कोर वाढले, तीन आठे चोवीस, म्हणून १४४ पाहिजेत, आणि ओळीत हेक्स ९० दिसेल. हा हिशोब जुळला की टेबल म्हणजे काय हे पुन्हा कधी विसरत नाही. त्या पोराला मी पहिल्या दिवशी हेच करायला लावलं, वहीवर.

मग लिनक्सच्या सोर्समध्ये एक्स८६ च्या कर्नल फोल्डरमधली सेटअप डॉट सी ही फाइल उघडा आणि सेटअप_आर्च हे फंक्शन वरपासून खाली वाचा. त्यात तीन नावं दिसतील. एसीपीआय_बूट_टेबल_इनिट टेबलं शोधतं. अर्ली_एसीपीआय_बूट_इनिट त्यातलं थोडं वाचतं. आणि बरंच खाली, मेमरीचे नोड (एकेका प्रोसेसरजवळचे गट) ठरवणाऱ्या इनिटमेम_इनिटनंतर, एसीपीआय_बूट_इनिट. एकच काम तीन जागी का वाटलं आहे, हा प्रश्न तुम्हाला इथं पडला पाहिजे. बाकीचा लेख त्याचंच उत्तर आहे.

पायरी ३: कोणाला, काय, कधी पाहिजे

"आधी" म्हणजे नेमकं कशाच्या आधी, ते कागदावर लिहा. डाव्या बाजूला गरजू, उजव्या बाजूला त्याला लागणारं टेबल.

प्रत्येक कोरसाठी स्टॅक राखायचा असेल तर एमएडीटी लागतं, तेही मेमरी वाटप सुरू व्हायच्या सुमारास. दोन प्रोसेसरच्या सर्व्हरवर कोणती मेमरी कोणाजवळची हे एसआरएटी सांगतं, आणि ते पेज वाटपाची व्यवस्था उभी राहायच्या आधी कळलं पाहिजे, कारण मागाहून घरं बदलता येत नाहीत. सीरियल कन्सोल कुठं आहे हे एसपीसीआर सांगतं. ते जितकं लवकर तितकं चांगलं, कारण त्याच्याशिवाय चुकीचा संदेशही दिसत नाही. डीएसडीटी मात्र या यादीत येऊच देऊ नका. त्यात नुसती माहिती नसते, एएमएल नावाच्या भाषेतला प्रोग्राम असतो. तो चालवायला मेमरी वाटप, लॉक, इंटरप्ट, सगळं आधी उभं पाहिजे.

यादी झाली की दिसेल, की घाई फक्त दोन-तीन टेबलांची असते.

पायरी ४: टेबलांपर्यंत पोचणं

सुरुवात आरएसडीपीपासून. बायॉसच्या मशीनीत ती शोधावी लागते. तिची सही आठ बाइटांची असते: आर-एस-डी, एक मोकळी जागा, पी-टी-आर, आणि शेवटी परत एक मोकळी जागा. ती शेवटची जागा विसरणारे पुष्कळ. शोधायचं दोन ठिकाणी. एक, ईबीडीएच्या, म्हणजे बायॉसनं स्वतःसाठी राखलेल्या मेमरीच्या, पहिल्या एक केबीत. ईबीडीएचा सेगमेंट हेक्स ४०ई या पत्त्यावर लिहिलेला असतो, त्याला १६ नं गुणायचं. दोन, हेक्स ई०००० ते एफएफएफएफएफ या पट्ट्यात. सही नेहमी १६ च्या पटीतल्या पत्त्यावरच असते, म्हणून एकेक बाइट चालू नका, सोळा-सोळाच्या ढांगा टाका.

सही सापडली म्हणजे काम झालं नाही. पहिल्या २० बाइटांची बेरीज करा. तिचा शेवटचा बाइट शून्य आला पाहिजे. आवृत्तीचा आकडा २ किंवा जास्त असेल तर पूर्ण ३६ बाइटांचा दुसरा चेकसमही (अशीच शून्य येणारी बेरीज) बघा. तेव्हा ६४ बिटी पत्त्यांचं एक्सएसडीटी मिळतं. आवृत्ती ० असेल तर ३२ बिटी पत्त्यांचं आरएसडीटी.

यूईएफआयच्या मशीनीत ही शोधाशोध करायचीच नाही. तिथं फर्मवेअर स्वतः आपल्या कॉन्फिगरेशन टेबलात पत्ता देतं. तुमचा कर्नल मल्टिबूट २ या नियमानं बूट होत असेल तर बूटलोडर (कर्नल मेमरीत आणून चालू करणारा प्रोग्राम) १४ किंवा १५ क्रमांकाच्या टॅगमध्ये आरएसडीपीची प्रतच हातात ठेवतो.

इथंच त्या पोराची मशीन रीस्टार्ट होत होती. त्याच्या कर्नलनं बूटच्या वेळी पहिल्या एक जीबीचंच मॅपिंग (कोणता व्हर्च्युअल पत्ता खऱ्या मेमरीत कुठं, ही जोडणी) केलं होतं; पूर्ण मेमरीचं मॅपिंग नंतर व्हायचं. टेबल वाचायची ओळ पूर्वी त्या नंतरच्या भागात होती, ती यानं वर आणली. क्यूईएमयूला २५६ एमबी मेमरी दिलेली. फर्मवेअर टेबलं मेमरीच्या वरच्या टोकाजवळ ठेवतं, म्हणजे इथं २५५ एमबीच्या आसपास, म्हणून सगळं सुरळीत. लॅपटॉपमध्ये चार जीबी. टेबलं दोन-तीन जीबीच्या पुढं कुठंतरी, आणि तिथलं मॅपिंगच नाही. पेज फॉल्ट झाला. फॉल्ट हाताळणारं काही अजून बसवलेलं नाही, म्हणून डबल फॉल्ट, मग ट्रिपल फॉल्ट, आणि प्रोसेसर रीसेट.

लॅपटॉपवर हे पकडता येत नाही, क्यूईएमयूत येतं. मेमरी २०४८ एमबी द्या, "नो रीबूट" द्या आणि इंटरप्टचा लॉग चालू करा. टेबलांचे पत्ते आता हेक्स ७एफएफई पासून सुरू होतील, आणि फॉल्ट झाला की लॉगमध्ये सीआर२ या रजिस्टरात नेमका तसाच पत्ता दिसेल. आम्ही दोघांनी तो पत्ता पाहिला तेव्हा पोरगा नुसता "हाओ" म्हणाला आणि लगेच पेज टेबलाची फाइल उघडून बसला.

यावर इलाज म्हणजे तात्पुरती खिडकी. व्हर्च्युअल पत्त्यांचा एक लहान पट्टा आधीच बाजूला ठेवायचा, त्याची पेज टेबलं कंपाइलच्या वेळीच कर्नलमध्ये बांधून ठेवायची, म्हणजे मेमरी वाटपाची गरजच पडत नाही. टेबल वाचायचं तेव्हा ते त्या खिडकीत मॅप करायचं, वाचायचं, लगेच सोडायचं. लिनक्स हेच अर्ली_आयओरीमॅपनं करतो. एक्स८६ वर त्याच्या आठ खिडक्या असतात, प्रत्येक २५६ केबीची. कोणी खिडकी उघडी टाकली की नवव्या मागणीला जागा नाही.

खिडकी वापरताना तीन गोष्टी सांभाळा. पहिल्यांदा फक्त ३६ बाइटांचं डोकं मॅप करा, त्यातली लांबी वाचा, आणि मगच पूर्ण टेबल. ते डोकंसुद्धा दोन पानांच्या धुऱ्यावर पडू शकतं, म्हणून एकच पान मॅप करून निश्चिंत राहू नका. आणि मॅपिंग बदललं की टीएलबीतली, म्हणजे प्रोसेसरनं लक्षात ठेवलेल्या मॅपिंगमधली, जुनी नोंद काढा, नाहीतर प्रोसेसर आधीच्याच टेबलाकडे बघत राहील.

खिडकी लहान असण्याचा आणखी एक परिणाम लिनक्सच्या लॉगमध्ये दिसतो: टेबलांचा चेकसम सुरुवातीला तपासणं बंद आहे, अशा अर्थाची ओळ. अख्ख्या टेबलाची बेरीज करायला अख्खं टेबल मॅप करावं लागतं, आणि मोठं टेबल खिडकीत मावत नाही. जबरदस्तीनं तपासायचं असेल तर एसीपीआय_फोर्स_टेबल_व्हेरिफिकेशन हा बूट पर्याय आहे.

एमएडीटीच्या नोंदी ४४ व्या बाइटापासून सुरू होतात. प्रत्येकीचा पहिला बाइट प्रकार, दुसरा लांबी. कोरची नोंद प्रकार ० ची, नव्या मोठ्या मशीनींत प्रकार ९ चीही. लांबी शून्य आली तर तिथंच थांबा. नाहीतर तुमचा लूप जागच्या जागी फिरत राहील. कोर मोजताना फ्लॅगचा पहिला बिट बघा, कारण न वापरलेल्या कोरच्या नोंदीही टेबलात असतात.

पायरी ५: वाचलं, आता राखा

ही पायरी सगळ्यात जास्त लोक सोडून देतात, आणि हीच सगळ्यात महाग पडते.

मेमरी मॅपमध्ये फर्मवेअर प्रत्येक तुकड्याला एक प्रकार देतं. १ म्हणजे मोकळी, २ म्हणजे राखीव, ३ म्हणजे एसीपीआयची टेबलं असलेली, ४ म्हणजे एनव्हीएस, फर्मवेअरनं स्वतःसाठी ठेवलेली, जिला हातच लावायचा नाही. घोळ ३ मध्ये आहे. तिचा अर्थ असा, की टेबलं वाचून झाली, आता गरज नाही, असं वाटलं तर ही जागा तुम्ही वापरू शकता. "वाचून झाली" हे आधी.

माझ्या स्वतःच्या कर्नलमध्ये मी १ आणि ३ दोन्ही मोकळ्या यादीत टाकले होते. एमएडीटी सुरुवातीला छान वाचलं जायचं, कोर मोजले जायचे. थोड्या वेळानं आयओ एपीआयसीचा पत्ता काढायला तेच टेबल परत उघडलं की पत्ता भलताच. कधी यायचा, कधी नाही. दोन आठवडे मी इंटरप्टचा कोड चाळत होतो. शेवटी टेबलाचे पहिले सोळा बाइट छापून बघितले. जिथं "एपीआयसी" ही सही पाहिजे होती तिथं माझ्याच लॉगमधल्या एका वाक्याचा तुकडा होता. लॉगच्या बफरसाठी मी मेमरी मागितली, वाटपानं तेच पान दिलं, आणि मी दप्तरावरच पेरणी केली होती.

म्हणून क्रम असा ठेवा. टेबल सापडलं की त्याचा पत्ता आणि लांबी एका साध्या, ठरलेल्या आकाराच्या अॅरेत लिहा. लिनक्सही सुरुवातीला १२८ जागांचा असाच अॅरे वापरतो. मग मोकळ्या मेमरीची यादी बनायच्या आधी ते सगळे तुकडे राखीव म्हणून नोंदवा. त्यानंतरच पहिलं पान कोणाला द्या. आरएसडीपी आणि आरएसडीटी स्वतः विसरू नका. आणि मेमरी मॅपवर पूर्ण विसंबू नका: टेबल साध्या १ प्रकारच्या मेमरीत ठेवून मॅपमध्ये तसं न सांगणारं फर्मवेअरही असतं. पत्ता-लांबीवरून राखलं तर ते प्रकरणही सांभाळलं जातं.

हे फक्त घरी लिहिलेल्या कर्नलचं दुखणं आहे असं समजू नका. लिनक्समध्ये २०२० च्या ५.१० या आवृत्तीत मोकळी पानं यादीच्या शेवटी टाकायचा बदल झाला. बदल निर्दोष होता, पण त्यामुळं पानं वाटण्याचा क्रम बदलला, आणि आजवर नशिबानं कोणाला न गेलेली पानं वाटली जाऊ लागली. त्यात आयबीएफटी नावाचं, नेटवर्कवरच्या डिस्कवरून बूट करण्याची माहिती देणारं, टेबल होतं. मोकळं केलेलं वापरलं जातंय, अशी तक्रार केएएसएएन हे तपासणीचं साधन करू लागलं, तीही अधूनमधून. २०२१ मध्ये, ५.१२ च्या वेळी, टेबलं शोधणं आणि पूर्ण उभी करणं असे दोन भाग केले गेले आणि मध्ये राखण्याची पायरी घातली. तेव्हापासून लॉगमध्ये प्रत्येक टेबलासाठी मेमरी राखत असल्याची ओळ येते. पायरी २ मधल्या तुमच्या लॉगमध्ये ती बघा.

पायरी ६: मागं कोण अवलंबून आहे ते शोधा

काम आधी नेलं की त्याच्या नव्या आणि जुन्या जागेच्या मधली प्रत्येक ओळ संशयित. त्या ओळींत दोन गोष्टी शोधा: तुम्ही भरलेलं कोणी परत पुसतं का, आणि टेबल बदलण्याचा हक्क कोणाला होता का.

२०१३ मध्ये लिनक्सच्या ३.९ च्या कामात एसआरएटी मेमरी वाटपाच्या आधी वाचायचा प्रयत्न झाला. हेतू चांगला होता, चालू मशीनीतून मेमरी काढता यावी असा. पण कोणता कोर कोणत्या नोडचा हे साफ करून घेणारा लूप खालीच राहिला, आणि त्यानं वर वाचलेलं पुसून टाकलं. आयए६४ या दुसऱ्या आर्किटेक्चरवर नवं फंक्शन कोणी बोलावतच नव्हतं. आणि इनिटआरडीमधून, म्हणजे कर्नलसोबत मेमरीत येणाऱ्या सुरुवातीच्या फाइलींतून, टेबल बदलून देण्याची जी सोय होती, ती यायच्या आधीच टेबल वाचून झालेलं. बदल मागं घेतला गेला.

पुढं एसीपीआयची सुरुवात घड्याळाच्या कामासाठी टाइमकीपिंगच्या आधी नेली, तर काही मशीनी बूट होईनात. २०१५ मध्ये तोडगा निघाला तो असा: बहुतेक काम वरच ठेवलं, आणि मशीनला एसीपीआय मोडमध्ये टाकणारा भाग तेवढा कापून एसीपीआय_सबसिस्टिम_इनिट या फंक्शनात खाली, मूळ जागी नेला. वाचण्यानं मशीनीची अवस्था बदलत नाही, मोड बदलल्यानं बदलते. सुरी कुठं फिरवायची हे यातून शिकण्यासारखं आहे.

आणि २०२१ चा तो राखण्याचा बदल? त्यानंही पहिल्या फटक्यात इनिटआरडीची सोय मोडली, २०१३ सारखीच. लगेच दुसरा बदल करून टेबलं शोधणं हे इनिटआरडीमधली टेबलं घेणाऱ्या एसीपीआय_टेबल_अपग्रेडच्या खाली आणावं लागलं. इतक्या अनुभवी हातांकडून हे दोनदा झालं, म्हणून तुम्ही ही पायरी सोडू नका. तुमच्या छोट्या कर्नलमध्ये टेबल बदलायची सोय नसेल, पण शून्यानं भरणारा एखादा लूप नक्की असेल. तो शोधा.

पायरी ७: तपासणी

क्यूईएमयूत सहा वेळा बूट करा: मेमरी २५६, २०४८ आणि ३०७२ एमबी, प्रत्येक एसएमपी १ आणि ४ ला. मग हेच यूईएफआयच्या फर्मवेअरवर, म्हणजे ओव्हीएमएफवर, कारण तिथं एक्सएसडीटीचा रस्ता तपासला जातो. प्रत्येक वेळी टेबलांचा चेकसम दोनदा छापा, एकदा वाचताना आणि एकदा बूट पूर्ण झाल्यावर. दोन्ही जुळले नाहीत तर पायरी ५ वर परत जा.

मग एखाद्या टेबलाची लांबी कोडमध्ये मुद्दाम शून्य करा आणि कर्नल नीट संदेश देऊन थांबतो का ते बघा.

खरी मशीन सगळ्यात शेवटी. पेनड्राइव्हवरून बूट करा आणि जमेल तितक्या वेगवेगळ्या वयाच्या मशीनींवर लावा. आमच्याकडे अभ्यासिकेतला जुना डेस्कटॉप, ग्रामपंचायतीतून बाद झालेलं एक मशीन आणि पोरांचे चार लॅपटॉप, एवढी प्रयोगशाळा आहे. प्रत्येकावर लिनक्स चालवून सिस-फर्मवेअर-एसीपीआय-टेबल्स या फोल्डरमधल्या फाइली उतरवून घ्या आणि नावानिशी जपून ठेवा. आयएएसएल या साधनानं त्या वाचता येतील अशा रूपात उलगडतात. आपल्या कर्नलनं मोजलेले कोर आणि त्या फाइलीतले कोर जुळतात का, एवढंच बघायचं.

त्या पोरानं तात्पुरती खिडकी लिहिली, राखण्याचा अॅरे घातला आणि मोजणी वर ठेवली. आयओ एपीआयसीचं काम मात्र होतं तिथंच राहू दिलं. लॅपटॉपवर चार कोर दिसले. बाद डेस्कटॉपवर दोन दिसले, जेव्हा टेबलात नोंदी चार होत्या. फ्लॅगचा बिट तपासल्यावर उरलेल्या दोन रिकाम्या जागा निघाल्या, म्हणजे मोजणी बरोबर होती. त्यानं ती टेबलाची फाइल पेनड्राइव्हवर "डेस्कटॉप दोन-चार" या नावानं ठेवली, आणि आता नवा बदल केला की सगळ्यात आधी त्याच फाइलीवर चालवून बघतो.